गाडी चालताना लुकलुकणारा हीटरचा दिवा

ज्यांच्या दारात जुनी डिझेल गाडी आहे त्यांनी तो पिवळा, वेटोळ्याच्या आकाराचा दिवा रोज पाहिलेला असतो. चावी फिरवली की मीटरमध्ये उमटतो, विझतो आणि मग आपण सेल मारतो. गॅरेजमध्ये त्याला हीटरचा दिवा म्हणतात. इथे इंग्लंडात, लीड्सला जानेवारीत काचेवर बर्फ धरलेला असतो तेव्हा तो जरा रेंगाळतो. बेळगावात मे महिन्यात दिसला न दिसला तोच जातो. पण गाडी पळत असताना तोच दिवा लुकलुकायला लागला, तर गोष्ट वेगळी असते. ही माहिती नसल्यामुळे आपल्याकडे लोकांचे पैसे विनाकारण जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे खरा बिघाड तसाच राहतो.

फोक्सवॅगन, स्कोडा या घराण्यातल्या जुन्या टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल गाड्यांत या एका दिव्याला दोन कामं दिलेली आहेत. स्थिर पेटला तर हीटर प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून गरम करणारे प्लग, तापताहेत. चालत्या गाडीत लुकलुकला तर इंजिनाच्या कॉम्प्युटरला कुठेतरी बिघाड सापडलाय. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तकात हे छापलेलं असतं, पण सेकंडहँड गाडीबरोबर ते पुस्तक क्वचितच हातात येतं.

माझ्या इथल्या गाडीत हा दिवा पहिल्यांदा लुकलुकला तो एम 62 वर. लीड्सहून मँचेस्टरकडे जाणारा हा रस्ता पेनाइन्सचे डोंगर चढून जातो. त्याचा माथा 372 मीटरवर, इंग्लंडमधल्या मोटरवेंमध्ये सगळ्यात उंच. गाडी नीट पळत होती, आवाज नाही, धूर नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या वयस्कर फिटरने बॉनेटला हातही लावला नाही. मला म्हणाला, आत बसून ब्रेक दाब, आणि स्वतः गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. ब्रेकचे दिवे पेटतच नव्हते. पेडलच्या वर बसवलेला ब्रेक स्विच गेला होता.

इंजिनाच्या दिव्याचा आणि ब्रेकच्या स्विचचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध थेट आहे. या गाड्यांत अॅक्सिलरेटरची केबल नसते. आपण पेडल किती दाबलं हे सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो आणि डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. उद्या अॅक्सिलरेटर अडकला आणि चालकाने ब्रेक दाबला, तर डिझेल कमी करायचं हेही त्यालाच कळायला हवं. म्हणून त्या छोट्याशा स्विचमध्ये दोन वेगळे कॉन्टॅक्ट असतात आणि दोन्ही मिळून ब्रेकची खबर देतात. दोन साक्षीदारांची जबानी जुळली नाही की कॉम्प्युटर कुणावरच विश्वास ठेवत नाही: बिघाडाची नोंद करतो, ठरवलेला वेग आपोआप राखणारं क्रूझ कंट्रोल असेल तर ते बंद करतो आणि हीटरचा दिवा लुकलुकवतो. ही नोंद वाचणाऱ्या स्कॅनरवर बहुधा पी 0571 हा कोड येतो.

यंदा पावसाळ्यात दादाचा फोन आला. तो बेळगावात वडगावला राहतो, त्याच्याकडे स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया आहे, आणि कामानिमित्त चोर्ला घाटातून पणजीला त्याचं जाणं-येणं असतं.

"दिवा लुकलुकूलालाय बघ, खरं पळायला काय तक्रार नाही गा. गॅरेजवाला म्हणतोय चारी हीटर बदलूया."

"दादा, हीटरला हात लावू देऊ नकोस. आधी ब्रेकचे दिवे बघ."

फोनवर विणकरांच्या मागांचा खडखडाट ऐकू येत होता, त्यामुळे मला दोनदा ओरडून सांगावं लागलं. रात्री त्याने व्हिडिओ कॉल लावला. गाडी मागच्या बाजूने कंपाउंडच्या भिंतीला लावली होती आणि वहिनी फोन धरून उभ्या होत्या. दादाने ब्रेक दाबला, भिंत लाल झाली. पाय काढला, तरी लालच. दोन-चारदा पेडल आपटल्यावर उजेड गेला. स्विच आत अडकत होता. एकट्याला तपासायचं असेल तर ही भिंतीची युक्ती फार सोयीची आहे. आरशात लाल उजेड सरळ दिसतो.

उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या मिस्त्रीने नवा स्विच बसवला, कोड पुसला, आणि दिवा थांबला. हीटर प्लगही मीटर लावून पाहिले. चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आतबाहेर असतो, चारही शाबूत निघाले. स्विच बसवण्याची एक विशिष्ट रीत असते. त्याची पिन बसवतानाच पेडलच्या अंतराप्रमाणे जागा धरते, आणि मॉडेलनुसार पेडल दाबून ठेवायचं की मोकळं सोडायचं हे बदलतं. तेव्हा हे काम माहीतगारानेच करावं, आणि काढलेला जुना स्विच पुन्हा बसवू नये.

दर वेळी स्विचच असेल असं मात्र नाही. घाट चढताना पिकअप एकदम गेलं, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर परत आलं, तर संशय इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या टर्बोवर घ्यायचा: व्हॅक्यूमचा चिरलेला पाइप, किंवा काजळीने अडकलेल्या टर्बोच्या पात्या. हवेचा सेन्सर, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर वाल्व, क्वचित खरोखरच हीटर प्लग, ही बाकीची कारणं. म्हणून माझा आग्रह एवढाच, की आधी स्कॅनर लावायला सांगा, कोड कागदावर लिहून घ्या आणि मगच सामान आणा. पिवळा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी नीट पळत असेल, तर सांभाळून गॅरेजपर्यंत जाता येतं. तेलाच्या कॅनचा लाल दिवा लागला तर मात्र जागच्या जागी इंजिन बंद करायचं. ही दोन दिव्यांची गल्लत कधीही होऊ देऊ नका.

इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी सक्तीची. ब्रेकचे दिवे लागत नसतील तर गाडी नापास. शिवाय नंबर टाकला की कोणत्याही गाडीच्या जुन्या तपासण्या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. जुनी गाडी घेणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. आपल्याकडे खासगी गाडीला 15 वर्षं होऊन नोंदणीचं नूतनीकरण करायची वेळ येईपर्यंत असं कुणी विचारत नाही. त्यामुळे ही तपासणी आपली आपणच करायला हवी.

चोर्ला घाटाच्या वाटेवर जांबोटी सोडून कणकुंबीकडे निघालं की जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आणि पाऊस असा असतो की पुढची गाडी तिच्या लाल दिव्यांवरूनच ओळखायची. तिथे वळणावर तुम्ही ब्रेक दाबलात आणि मागे उजेडच पडला नाही, तर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याचा काय दोष? निघण्याआधी गाडी भिंतीला लावा, ब्रेक दाबा, आरशात बघा. दिवा लुकलुकत असो वा नसो.