तुम्ही विचारलंत म्हणून: बाबांना खदानीतच का नेलं?

प्रश्न आधी मावशीनं विचारला, मग मामांनी, मग ऑफिसातल्या पुण्याच्या मैत्रिणीनं. गेल्या दिवाळीत चंद्रपूरला गेले तर शेजारच्या काकू अंगणातूनच म्हणाल्या, "एकतीस वर्षं खदानीत काढली त्या माणसानं, अन् तू त्याले जर्मनीत नेऊन खदानच दाखवली?" दर वेळी मी विषय बदलला. आता सगळ्यांना मिळून एकदाच सांगते.

पहिली गोष्ट, खदानच दाखवली हे खरं नाही. आईबाबा ड्रेस्डेनला माझ्याकडे सात आठवडे होते. रोज संध्याकाळी एल्बे नदीच्या काठानं फिरले, बर्लिन पाहिलं, प्राग पाहिलं, राजवाड्यांच्या पायऱ्या चढून आईचे गुडघे दुखले. फ्रायबर्ग या जुन्या खाणींच्या गावाला गेलो ते एक शनिवार-रविवार. आगगाडीनं जेमतेम पाऊण तास. पण तुम्हाला फोटो आठवतो तो तोच, हेल्मेट आणि बत्ती घातलेल्या बाबांचा.

दुसरी गोष्ट, ते गाव साधं नाही. ११६८ मध्ये तिथं चांदी सापडली. मीठ घेऊन बोहेमियाकडे निघालेल्या गाडीवानांना चाकोरीत चकाकता दगड दिसला, अशी दंतकथा आहे. इथला सत्ताधीश ओटो. ज्याला खणायचं त्यानं यावं, खणावं, वाटा द्यावा, अशी मुभा लोकांना मिळाली आणि गाव उभं राहिलं. ओटोला पुढे 'श्रीमंत ओटो' म्हणू लागले. चौकातल्या कारंज्यावर त्याचा पुतळा आहे. बाबांनी तो पाहिला आणि विचारलं, "याचं नाव कळलं. खणणाऱ्याचं काय नाव होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१७६५ पासून तिथं खाणकामाचं विद्यापीठ आहे. जवळच्या खाणीतल्या खनिजातून क्लेमेन्स विंकलर यांनी १८८६ मध्ये जर्मेनियम हे मूलद्रव्य शोधलं आणि सुरुवातीचे ट्रान्झिस्टर, म्हणजे आजच्या चिपमध्ये असतात ते स्विच, त्याच जर्मेनियमचे होते. मी चिपच्या कारखान्यात काम करते. कोळसा काढणारे बाबा आणि चिप बनवणारी मुलगी, दोघांचा धागा एकाच गावात, असं मी ऑफिसात सांगायचे. लोकांना ते आवडायचं. खोटं नाही ते. पण कारणही ते नव्हे.

कारण असं की मला बाबांसोबत एकदा खाली उतरायचं होतं. भाऊ कॉलेजात असताना एकदा ओळखीनं खाली जाऊन आला. मी हट्ट केला तर बाबा म्हणाले, "बाया नाही जात खाली." भारतात १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना जमिनीखाली काम करायला मनाईच होती, ती सैल झाली २०१९ मध्ये. तोवर बाबा निवृत्त झाले होते. ज्या जागेनं आमचं घर चालवलं, माझी फी भरली, ती जागा मी पाहिलेलीच नाही. बाबांना विचारलं की म्हणायचे, "काही नाही तिथं. उन्हाळ्यात थंड असते." चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मला ते खरंच वाटायचं.

म्हणून शनिवारी सकाळी 'रायशे त्सेखे'. ही जुनी चांदीची खाण, आता विद्यापीठातल्या मुलांना शिकवायला वापरतात, पाहुण्यांनाही नेतात. बाबांना मी आधी सांगितलं नव्हतं. तिथं पोचल्यावर दाखवायचं, त्यांचा चेहरा बघायचा, असं ठरवलं होतं. आई म्हणाली, मी वरच बसते.

बत्ती बांधून झाली तसे बाबांनी दोन्ही हात वर केले आणि उभे राहिले. मला कळेना. आमची वाटाड्या विद्यार्थिनीही बघत राहिली. मग लक्षात आलं, ते झडतीसाठी थांबले होते. कोळशाच्या खदानीत गॅस असतो, बिडी-काडीपेटी कुणी नेऊ नये म्हणून रोज झडती. मी म्हटलं, "बाबा, इथं नाही लागत." त्यांनी हात खाली घेतले, पण ते जरा अवघडलेच.

लिफ्टचा पिंजरा दीडशे मीटर खाली गेला. बाबांची खदान उताराची, ते चालत उतरायचे, पिंजरा त्यांना नवा. खाली गारठा, भिंतींतून पाणी झिरपत होतं. बाबा चालता चालता बोटांच्या पेरांनी खडक ठोकत होते आणि कान देऊन ऐकत होते. "टेकू नाहीत कुठं," ते म्हणाले. मी विचारून सांगितलं, हा 'नाईस' नावाचा कठीण खडक आहे, स्वतःच उभा राहतो. त्यांना ते पटलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "पोकळ आवाज आला की पळायचं." एकतीस वर्षांत त्यांनी मला सांगितलेली ही कामाची पहिली गोष्ट. मला इतका आनंद झाला होता की मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ती मुलगी सांगत होती की १८७० च्या दशकात जर्मनी सोन्याच्या नाण्यावर गेली, चांदीचा भाव पडला आणि १९१३ मध्ये इथलं चांदीचं काम थांबलं. हे मी बाबांना नीट उलगडून सांगितलं. पुढचं वाक्य ती बोलली तेव्हा मी त्यांचा फोटो काढत होते. ते वाक्य मला ऐकू आलं, समजलं, आणि मी ते सांगितलं नाही. वाक्य होतं: आता आपण सगळे एक मिनिट बत्त्या बंद करू.

मी माझी बंद केली. बाबांची पाठीमागून कुणीतरी बंद करून दिली, मदत म्हणून.

तसा काळोख मी कधी पाहिला नव्हता. कुणीतरी खुदकन हसलं. आणि बाबांचा आवाज आला, घरी कधी न ऐकलेला, मोठा, हिंदीतून: "कौन कौन है? नाम बोलो!" दुसऱ्या क्षणी त्यांचा हात माझ्या हेल्मेटवर पडला आणि त्यांनी मला खाली दाबून भिंतीशी ढकललं. त्यांचं अंग माझ्यावर होतं. ते थरथरत होते. मी "बाबा, काही नाही, बाबा" म्हणत होते आणि त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. ते नावं घेत होते. माणसांची नावं, एकामागून एक. हाजरी.

बत्त्या लागल्या. सगळे आमच्याकडे बघत होते. बाबांनी माझ्या खांद्यावरचा चिखल झटकला आणि हळूच म्हणाले, "मले आधी सांगाचं ना, माय."

वर आलो. आईनं त्यांचा चेहरा पाहिला, पाण्याची बाटली दिली, काही विचारलं नाही. बाबा हात धुवायला गेले तेव्हा म्हणाली, "अशीच बसली होती मी गेटवर. तू चौथीत होती." छत पडलं होतं. बाबांच्या बत्तीची वायर तुटली. चार तास अंधारात होते, दोघं. दुसऱ्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तो वर आला नाही. आम्हा मुलांना सांगितलं होतं की बाबांना ताप आहे. मला तो ताप आठवतो. मी त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या आणि कपाळ गरम कसं नाही, असं आईला विचारलंही होतं.

म्हणजे काकू, तुमचं बरोबर आहे. न सांगता नेणं चूक होतं. आणि ते एक वाक्य.

पण मग रविवारही सांगते, कारण तो तुम्ही विचारत नाही. मी म्हटलं, घरी जाऊ. बाबा म्हणाले, तिकीट काढलंय तं पाहू. तिथल्या कॅथेड्रलमध्ये १६३८ चं एक प्रवचनाचं व्यासपीठ आहे आणि त्याचा भार कोरलेल्या एका खाणकामगारानं तोललाय. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. आईनं दोनदा बोलावलं. मी जवळ गेले तेव्हा ते त्याच्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी त्याले हाक मारत होतो, वं. तो देत होता ओ. मग बंद झाला." एवढंच. नंतर आम्ही चौकात बसून अंड्याच्या सायीसारख्या थराचा तिथला केक खाल्ला आणि बाबांनी आईच्या वाटणीचाही संपवला.

न सांगता नेणाऱ्या त्या दिवशीच्या मला मी कितीदा झापलंय. ती म्हणते, सांगितलं असतंस तर ते आलेच नसते, आणि कॅथेड्रलमधलं ते वाक्य तुला कधी ऐकायला मिळालं नसतं. मी म्हणते, ऐकायला मिळावं म्हणून त्यांना अंधारात ढकलायचं? तिच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

भाऊ सांगतो की बाबा गावात लोकांना फ्रायबर्गची खदान वर्णन करून सांगतात: पिंजरा, पाणी, एकही टेकू नाही. बत्तीचं सांगत नाहीत. परवा फोनवर मात्र मध्येच थांबले आणि म्हणाले, "ती पोरगी, खाली नेणारी. तिचं शिक्षण झालं का? तिले सांग, अंधार करायच्या आधी सगळ्यायचे हात धरायला लावत जा."

मी विद्यापीठाला पत्र लिहायला घेतलंय. जर्मनमध्ये ते वाक्य अजून नीट बसत नाहीये.