नॅट आणि सेबर : पहिल्या मिनिटाचा हिशेब

शाळेत असताना माझ्याकडे विमानांची एक वही होती. डावीकडे विमानाचे नाव, उजवीकडे कमाल वेग, आणि ज्याचा आकडा मोठा ते विमान श्रेष्ठ, इतका सरळ न्याय त्या वहीत चालत असे. या न्यायाची पंचाईत झाली ती भारताचे नॅट आणि पाकिस्तानचे सेबर या लढाऊ विमानांच्या जोडीपाशी, कारण दोघांचाही वेग ताशी ११०० किलोमीटरच्या आसपास होता आणि तरीही १९६५ च्या युद्धानंतर आपल्याकडे नॅटला ‘सेबर स्लेयर’, म्हणजे सेबरचा काळ, म्हणत होते. तो निकाल वेगाच्या रकान्यातून लागणार नव्हता, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

आधी तोफांचे पाहू. पाकिस्तानच्या एफ-८६एफ सेबरच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या इंची ब्राउनिंगच्या सहा मशीनगन होत्या. प्रत्येक मशीनगन मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या झाडत असल्याने सहाही एकदम सुरू झाल्या की सेकंदाला १२० गोळ्या सुटत. एका गोळीचे वजन साधारण ४५ ग्रॅम धरले, तर सेकंदाला साडेपाच किलोच्या आसपास धातू समोरच्याच्या दिशेने जाई. नॅटकडे ३० मिलिमीटरच्या दोनच एडन तोफा होत्या, परंतु तिचा एकेक गोळा दोनशे ग्रॅमच्या वर आणि आत स्फोटक भरलेला. तोफेची गती मिनिटाला १२०० धरली तरी सेकंदाला चाळीस गोळे, म्हणजे नऊ किलोच्या घरात वजन. सेबरची गोळी भोक पाडते, एडनचा गोळा आत शिरून फुटतो, हा फरक या वजनाच्या हिशेबात येतही नाही. कागदावर इथे नॅट स्पष्टपणे पुढे आहे.

परंतु हाच हिशेब उलट्या बाजूने मांडला की चित्र पालटते. नॅटच्या प्रत्येक तोफेला ११५ गोळे मिळत, म्हणजे घोडा दाबून धरला तर सहा सेकंदांच्या आतच भाता रिकामा होई. सेबरच्या वैमानिकाला तेरा ते पंधरा सेकंद मिळत आणि त्याच्या मदतीला लक्ष्याचे अंतर रडारने मोजणारी गनसाइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, असे. शिवाय तोफा अडकणे हे नॅटचे जुने दुखणे होते. दोनांपैकी एक तोफ अडकली की मारा निम्म्यावर येतो, सहांपैकी एक मशीनगन अडकली तर वैमानिकाच्या ते ध्यानातही यायचे नाही. त्यामुळे, माझ्या मते, नॅटचा मारा अधिक घातक होता आणि सेबरचा अधिक भरवशाचा होता.

विमानांच्या चपळाईचा आकडा मात्र मला अजूनही चकित करतो. बाहेरच्या टाक्या न लावता नॅटचे वजन सुमारे ३००० किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ पावणेतेरा चौरस मीटर. सेबरचे वजन सुमारे ६९०० किलो आणि पंखांचे क्षेत्रफळ २९ चौरस मीटरच्या आसपास. भागाकार केला तर दोन्हींच्या पंखांवर दर चौरस मीटरला जवळजवळ सारखाच भार येतो. म्हणजे पहिले तीव्र वळण घेण्याची दोघांची क्षमता फार वेगळी असायचे कारण नाही, आणि सेबरच्या पंखांच्या पुढच्या कडेला असलेल्या सरकत्या पट्ट्यांनी, म्हणजे स्लॅट्सनी, तर कमी वेगात त्याला उलट थोडे झुकते मापच दिले असणार. खरा फरक आहे तो इंजिनात. नॅटच्या ऑर्फियस इंजिनाचा रेटा विमानाच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या जवळ जातो, सेबरचा चाळीसच्या आतच राहतो. वळण घेताना प्रत्येक विमान वेग गमावते, पण नॅट तो लवकर भरून काढते, किंवा वळणाचा नाद सोडून सरळ वर निघून जाते. वर चढण्याच्या गतीत नॅट सेबरच्या दुपटीपेक्षा अधिक होते.

आणि त्याचा आकार! दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात नॅटच्या शेजारी उभे राहिलो तेव्हा कॉकपिटची कड जवळजवळ माझ्या डोळ्यांच्या पातळीला होती आणि एडन तोफेचे तोंड हवा आत घेणाऱ्या नळकांड्याच्या बाहेरच्या भिंतीत, हात सहज पोहोचेल अशा उंचीवर होते. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत पावणेसात मीटर, सेबरची अकरांच्या वर. ‘नॅट’ म्हणजे चिलट. आकाशात दोनेक किलोमीटरवर ते चिलट शोधून काढायचे आणि नजरेतून सुटू द्यायचे नाही, हे काम सेबरच्या उत्तम फुगीर काचेतूनही सोपे नसणार.

१ सप्टेंबर १९६५ रोजी जम्मूजवळच्या छांबच्या आकाशात आपण चार व्हॅम्पायर विमाने गमावली. ती ज्या ४५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची होती, ती युद्धाच्या तोंडावरच पुण्याहून पठाणकोटला गेली होती. दोन दिवसांनी, ३ सप्टेंबरला, मिस्टेअर विमाने उंचावर आमिष म्हणून पाठवण्यात आली आणि २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची नॅट विमाने रडारला दिसू नयेत म्हणून जमिनीलगत उडत जाऊन ऐन वेळी वर चढली. या झटापटीत नॅटचे वैमानिक ट्रेव्हर कीलर यांनी एका सेबरवर गोळे डागले आणि ते पाडल्याचे श्रेय त्यांना मिळाले; पाकिस्तानी नोंदींनुसार मात्र ते विमान जबर तडाखा खाऊनही तळावर परतले. दोन्ही बाजूंचे म्हणणे बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते, की ज्या सेबरने दोन दिवसांपूर्वी आकाश आपल्या ताब्यात असल्यासारखे वापरले होते, त्याच्या शेपटीमागे एक नॅट जाऊन पोहोचले होते. त्याच दिवशी आपले एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरले आणि पाकिस्तानच्या हाती लागले. ते आज कराचीच्या संग्रहालयात आहे.

२२ नोव्हेंबर १९७१ ची, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्याची झुंज हे नॅटच्या पद्धतीचे सर्वांत नेटके उदाहरण होय. दमदमहून निघालेल्या चार नॅट विमानांनी तीन सेबर विमाने गाठली. नॅटच्या वैमानिकांपैकी मॅसी यांची एक तोफ अडकली, तरीही त्यांनी मारा केला. दुसरे नॅट वैमानिक लाझारस इतक्या जवळ गेले होते, की त्यांच्या गोळ्यांनी फुटलेल्या सेबरचे तुकडे त्यांच्याच नॅटवर येऊन आदळले. दोन सेबर पडली, तिसरे जखमी होऊन परतले. पडलेल्या सेबरमधून हवाई छत्रीने खाली उतरलेल्या दोन वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

झुंज लांबली की मात्र नॅटचे पारडे हलके होत जाई. गोळे थोडे, पोटात इंधन थोडे, आणि लांब जायचे तर पंखांखाली टाक्या लावाव्या लागत, म्हणजे वजन आणि रेट्याचा जो फायदा मी वर सांगितला तोच गहाण पडे. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर सेबर विमानांचा हल्ला चालू असतानाच निर्मलजीत सिंग सेखों यांनी नॅटमधून उड्डाण केले. परमवीर चक्राच्या सन्मानपत्रानुसार त्यांनी दोन सेबरवर मारा केला, पण समोर सहा होती, आणि एकट्या नॅटला अखेर त्या सेबर विमानांनी पाडले. तिथे दोन विमानांची तुलना संपते आणि विमानांची संख्या बोलू लागते. काही सेबरना उष्णतेचा माग काढणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रेही लावलेली असत. मात्र ते त्या काळचे साइडवाइंडर समोरच्याच्या मागूनच सोडावे लागे आणि जमिनीच्या उष्णतेने गोंधळून जाई, म्हणून नॅटसारख्या सतत दिशा बदलणाऱ्या विमानापुढे मी त्याला फार गुण देत नाही.

पुढे बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने नॅटवरून ‘अजीत’ घडवले. इंधन पंखांतच सामावून घेतले, त्यामुळे पंखांखालच्या जागा शस्त्रांसाठी मोकळ्या झाल्या. त्याचे पहिले उड्डाण १९७५ साली झाले. अजीत आणि सेबर समोरासमोर कधी आलेच नाहीत.