तोंड आपले, चेहरा बघणाऱ्याचा

परवा ओळख पटवण्यासाठी फोनने मला ‘चेहरा चौकटीत आणा’ अशी सूचना केली. मी आणला. मग डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले, तीही केली. तिसऱ्या खेपेला यंत्राचे समाधान झाले, पण तोवर डोक्यात भलताच प्रश्न शिरला होता. हीच सूचना ‘तोंड दाखवा’ अशी आली असती, तर मी ती इतक्या निमूटपणे पाळली असती का? मराठीत ‘तोंड दाखवा’ म्हणायचा अधिकार फार तर डॉक्टरांना असतो, आणि ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ म्हणणारा माणूस आपल्याशी संबंध तोडायला निघालेला असतो.

‘तोंड’ या शब्दाने किती कामे अंगावर घेतली आहेत, हे मोजायला बसलो तर तोंडाला फेस येईल. जिथून घास आत जातो ते तोंड, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंतचा सगळा दर्शनी भागही तोंडच. ‘तोंड धुऊन ये’ असे लहानपणी फर्मावले जाई, तेव्हा दात घासायचे की गालांवर पाणी मारायचे, हे वेळेवरून ओळखावे लागे. मारणारा गालावर मारतो आणि सांगताना मात्र ‘तोंडात मारली’ म्हणतो. पिशवीला, बोगद्याला आणि गळवालाही तोंड असते. परीक्षा तोंडावर येते, संकटाला तोंड द्यावे लागते, जमाखर्चाची तोंडमिळवणी होते, आणि जेवताना तोंडी लावायला काही नसेल तर तोंड वाकडे होते.

संस्कृतातून आलेले ‘मुख’ त्या मानाने सोवळे. ‘मुख्य’ म्हणजे मुळात मुखाशी असलेला, म्हणून पुढचा. ‘प्रमुख’ आणि ‘विमुख’ हेही त्याच घरातले. ‘मुखत्यार’ मात्र या कुटुंबातला नाही. तो अरबीतून आला आणि नावातल्या साम्यामुळे इथलाच वाटू लागला. मला सर्वांत गंमत वाटते ती ‘मुखपृष्ठ’ या शब्दाची. संस्कृतात ‘पृष्ठ’ म्हणजे पाठ, त्यामुळे शब्दशः पाहिले तर पुस्तकाला तोंडाची पाठ असते. भूमितीत घनाला सहा पृष्ठे असतात, म्हणजे तो कसाही फिरवला तरी आपल्याकडे पाठच करून बसतो.

या सगळ्यांत ‘चेहरा’ हा फारसीतून आलेला पाहुणा. त्याने खाण्याबोलण्याची कामे कधी पत्करली नाहीत. नुसते दिसायचे, एवढेच त्याच्याकडे. त्याची क्रियापदे पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. चेहरा पडतो, उतरतो, खुलतो, उजळतो. या साऱ्या आपोआप घडणाऱ्या गोष्टी आहेत. उलट तोंड आपण फिरवतो, लपवतो, चुकवतो, काळे करतो. तिथे करणारा कोणी तरी असतो. सरमिसळ होतेच, ‘तोंड उतरले’ असेही आपण म्हणतो. पण ‘चेहरा पाडून बसला’ असे म्हटले की लगेच त्यात सोंगाचा वास येतो, कारण चेहऱ्याने जे आपसूक करायचे ते मालकाने मुद्दाम केलेले असते.

शरीरशास्त्रानेही जवळपास हाच भेद मांडला आहे, हे कळल्यावर मला भाषेचे कौतुक वाटले. शरीरातले बहुतेक स्नायू हाडांना जोडलेले असतात. चेहऱ्याचे बरेच स्नायू मात्र त्वचेत रुजलेले असतात, म्हणून तर मनातली खळबळ कातडीवर उमटते. गियोम द्युशेन या फ्रेंच डॉक्टराने या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन, त्या स्थितीतल्या चेहऱ्यांची छायाचित्रे घेऊन, १८६२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ओठांचे कोपरे वर खेचणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानेच आवळला जातो, असे त्याचे म्हणणे होते. काही जणांना तेही ठरवून जमते, नटांना तर जमावेच लागते. तरी आपल्या ‘तोंडदेखले हसू’ या शब्दप्रयोगात द्युशेनचा निम्मा ग्रंथ आलेला आहे. मेंदूच्या काही विकारांत तर ही फाळणी उघडी पडते. ‘हसून दाखवा’ म्हटले तर रुग्णाच्या ओठांची एक बाजू हलत नाही, आणि तोच रुग्ण एखाद्या विनोदावर दोन्ही बाजूंनी छान हसतो.

तोंड आपल्या ताब्यातले असेल, तर चेहरा बघणाऱ्याच्या मालकीचा म्हणावा लागेल. बघणारा तो नसलेल्या ठिकाणीही बसवतो. २५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग १ या यानाने मंगळावरच्या एका टेकडीचे छायाचित्र घेतले आणि सावल्यांच्या खेळामुळे लोकांना त्यात माणूस दिसला. पुढे अधिक स्पष्ट चित्रे आली, तेव्हा उरली ती नुसती टेकडी. विजेच्या सॉकेटकडे पाहिले की मला तर दर वेळी कोणी तरी दचकलेले दिसते.

ज्याचा त्याला मात्र स्वतःचा चेहरा कधीच थेट दिसत नाही. आपल्या ओळखीचा असतो तो आरशातला, म्हणजे डावे-उजवे उलटलेला. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना स्वतःचे आरशातल्यासारखे छायाचित्र अधिक आवडले, आणि त्यांच्या मित्रांना सरळ छायाचित्र आवडले. ज्याला जे रोज दिसते, ते त्याला बरे वाटते.

फोनच्या त्या चौकटीतही मला आरशातलाच मी दिसत होतो. ओळख पटून छायाचित्र जतन झाले, तेव्हा ते सरळ होऊन आले. घरी दाखवले तर ‘चांगला आलाय की फोटो’ असे सगळे म्हणाले. मी बराच वेळ बघत राहिलो; भांग चुकीच्या बाजूला पाडलेला हा गृहस्थ कुठे तरी पाहिल्यासारखा वाटत होता.