टाळूवरची न दुखणारी गाठ

टाळूला डावीकडे, शेवटच्या दाढेच्या आतल्या अंगाला फुगवटा आला होता. दुखत नव्हता, म्हणून तर इतके दिवस चालून गेलं. जीभ मात्र सारखी तिथेच जायची. दाबला तर रबरासारखा, वरून गुळगुळीत. शेजारची दाढ जराशी हलत होती, त्यामुळे सगळा दोष दाढेवर गेला. अँटिबायोटिक झालं, रूट कॅनालही झालं. फुगवटा जिथल्या तिथे.

पुढे ज्या ओरल सर्जन भेटल्या, त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. म्हणाल्या, "मुळाशी पू दिसत नाही, मग ही सूज कसली? तुकडा काढून बघू." तोवर सूज उतरायला स्टेरॉइड घेऊ का, असं मी विचारलं. "अजिबात नको. लिम्फोमा असला तर गाठ तात्पुरती विरघळेल आणि बायोप्सीत धड काही सापडणार नाही."

लिम्फोमा? तोंडाचा कॅन्सर म्हणजे तंबाखू, एवढंच मला ठाऊक, आणि मी तर सुपारीसुद्धा खात नाही. पण तोंडातले बहुतेक कॅन्सर आतल्या अस्तराचे असतात. लिम्फोमा लसिका पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. टॉन्सिल, टाळू, हिरडी, कुठेही उगवतो.

टाळूत भुलीचं इंजेक्शन फार लागतं, उगाच धीर देत नाही. तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत गेला. नुसत्या सुईने पेशी ओढून भागत नाही, कारण पेशींची मांडणीही बघावी लागते. पहिल्या रिपोर्टमध्ये फक्त 'संशयास्पद लसिका पेशी, आयएचसी करावे' एवढंच. आयएचसी म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून ओळखायच्या चाचण्या. घरच्यांना वाटलं, डॉक्टर टाळाटाळ करतायत. तसं नव्हतं, कुठल्या प्रकारचा लिम्फोमा हे त्या रंगचाचण्यांशिवाय कळत नाही आणि औषध त्यावरच ठरतं. माझ्या गाठीत सीडी20 ही बी-पेशींची खूण पॉझिटिव्ह, सीडी3 ही टी-पेशींची निगेटिव्ह: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. अंगभर कॅन्सर शोधणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्ये त्याच बाजूला मानेत एक गाठ, म्हणजे दुसरी स्टेज.

रिटक्सिमॅब, म्हणजे सीडी20वर नेम धरणारं औषध, आणि त्यासोबत केमो ठरली. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झाली, कारण अंगात दडलेला तो विषाणू रिटक्सिमॅबने उसळू शकतो. ही तपासणी झाली का, हे आपणही विचारावं.

आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि मेणातले ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तो काढलेला तुकडा, मागून घ्या; रीतसर अर्ज केला की देतात. मला ते एका साध्या पाकिटात मिळाले, वर पेन्सिलीने नंबर टाकलेला.