पत्त्यावर जाऊन बघणारा माणूस

परवा गोव्यात फोंड्याला मामांकडे गेलेलो. बाल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसून चहा चाललेला, पाववाला पदेर नुकताच भोंपू वाजवत पुढे गेलेला, आणि मामांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला, "हे बघ, पेपरवाले परत लागले आमच्या कंपनीच्या मागे."

आमच्या! मामांकडे शेअर आहेत 200, पण बोलणं असं की फॅक्टरी यांच्याच कुळागरात उभी आहे.

"पूर्ण वाचलंत का?"

"वाचायचंय काय त्यात, भाव पाडायचे धंदे सगळे."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय ना, की म्हटलं आज चहा गार झाला तरी चालेल पण मामांना वायरकार्डची गोष्ट सांगायचीच. जर्मनीची पेमेंट कंपनी, 2018 मध्ये तिकडच्या डॅक्स इंडेक्समध्ये गेली, तेही कॉमर्झबँकेसारख्या जुन्या बँकेला बाहेर काढून, म्हणजे आपल्याकडे निफ्टीत जावी तशी. जानेवारी 2019 मध्ये फायनान्शियल टाइम्सच्या डॅन मॅकक्रम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिंगापूर ऑफिसातल्या हिशेबांबद्दल बातम्या द्यायला सुरुवात केली. शेअर आपटला. मग तिथल्या बाफिनने, म्हणजे त्यांच्या सेबीने, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, काय करावं? चौकशी पत्रकारांचीच लावली, आणि वर दोन महिने त्या शेअरमध्ये शॉर्ट सेलिंगला, म्हणजे भाव पडेल या हिशेबाने उसने शेअर विकायला, बंदी. लोक खूश, बघा सरकारच कंपनीच्या पाठीशी आहे म्हणून.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. कंपनीचा धंदा आशियातल्या पार्टनरांमार्फत चालतो असं कागदावर होतं, तर हे पत्रकार त्या पार्टनरांच्या पत्त्यांवर फिलिपिन्समध्ये प्रत्यक्ष गेले. एका पत्त्यावर निघालं एका रिटायर खलाशाचं राहतं घर. मामा इथे खो खो हसले, कारण आमच्या शेजारचे काका बोटीवरून रिटायर होऊन आलेत आणि दिवसभर बनियनवर माडांना पाणी घालत असतात, त्यांच्या दारात जाऊन कोणी "तुमची इंटरनॅशनल पेमेंट कंपनी कुठाय" विचारलं तर कसं होईल.

जून 2020 मध्ये कळलं की 1.9 अब्ज युरो, जे फिलिपिन्सच्या दोन बँकांत आहेत म्हणून सांगत होते, ते तिथे नाहीतच. बँका म्हणाल्या ही कागदपत्रं बोगस आहेत. आठवड्याभरात दिवाळखोरी. पण मला सांगायचंय ते हे की जानेवारी 2019 ते जून 2020 म्हणजे जवळजवळ 17 महिने, ज्याने बातमी वाचली त्याच्याकडे बाहेर पडायला 17 महिने होते! एन्रॉनचं पण तेच, आपल्या गुहागरला दाभोळ वीजप्रकल्प घेऊन आलेली अमेरिकन कंपनी तीच, बेथनी मॅकलीनने फॉर्च्यूनमध्ये मार्च 2001 ला साधा प्रश्न टाकला की ही कंपनी नेमके पैसे कशातून कमावते, आणि डिसेंबरमध्ये कंपनी बुडाली. हर्षद मेहताच्या वेळी तेवढा वेळ नव्हता, सुचेता दलाल यांची स्टेट बँकेच्या 500 कोटींचा मेळ लागत नसल्याची बातमी 23 एप्रिल 1992 ला आली आणि 28 ला सेन्सेक्स एका दिवसात 12.77 टक्के पडला. तरी पाच दिवस होतेच की.

"आणि सत्यम?" मामांनी बरोबर पकडलं. हो, हैदराबादच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीत बातमीच्या आधी मालकाचं पत्रच आलं, 7 जानेवारी 2009, खात्यातले 5,040 कोटी खोटे आहेत म्हणून. आदल्याच वर्षी उत्तम कारभाराचं बक्षीस घेतलेली कंपनी बरं का! पण तीन आठवडे आधी हेच लोक मेटास नावाच्या घरच्याच कंपन्या विकत घ्यायला निघाले होते, मेटास म्हणजे सत्यमची स्पेलिंग उलटी, आणि आरडाओरडा झाल्यावर काही तासांत माघार घेतली. तेव्हाही आपल्यातले कित्येक म्हणाले, पडलाय तर घेऊन टाकू.

आता पेपरवाले पण चुकतात, मान्य. कधी उगाच हवा असते, कधी कोणीतरी पुरवलेलं असतं. म्हणून मी दोनच गोष्टी बघतो, बातमीत कागद, पत्ता, तारीख असं काही हाताला लागतंय का, आणि कंपनी त्या मुद्द्याला उत्तर देते की नुसती बातमी देणाऱ्याच्या नावाने शंख करते.

मग मी मामांना जुनी जखम आठवून दिली, जरा दुष्टपणाच. बारा-तेरा वर्षांपूर्वी देवळातल्या ओळखीच्या एका एजंटाने त्यांना महिना दोन टक्क्यांची स्कीम गळ्यात मारली होती, लेटरहेडवर पणजीचा झकास पत्ता. हप्ते थांबले तेव्हा आम्ही दोघं कदंबाची शटल पकडून गेलो. दुसऱ्या मजल्यावर त्या नंबरच्या दारावर ट्युशन क्लासचा बोर्ड, आतल्या बाईंनी आमच्याकडे न बघताच जिन्याखाली बोट दाखवलं. तिथे सुतळीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे पडलेले, सगळ्यांवर त्याच कंपनीचं नाव, वरच्या पाकिटांना बुरशी लागलेली. मामांनी पैसे भरण्याआधी ही पन्नास मिनिटांची बस पकडली असती तर 40 हजार वाचले असते. येताना बसमध्ये ते एक शब्द बोलले नव्हते.

परवाही गप्प झाले. मग चष्मा शोधून आणला आणि ती बातमी वाचायला बसले, बोट स्क्रीनवर ठेवून, एकेक ओळ. मध्येच म्हणाले, "कंपनी म्हणते बदनामीचा डाव आहे... पण त्या रिकाम्या गोडाउनबद्दल काहीच बोलत नाही रे."

मी काही बोललो नाही, उंडे पाव घेतले आणि घरी आलो.

काल रात्री फोन. "त्यांचं एक गोडाउन वेर्ण्याला पण आहे म्हणे. रविवारी तुझी गाडी मोकळी आहे का?" मी हो म्हणायच्या आत स्वतःच म्हणाले, "नको, रविवारी तसंही बंद असणार, काही कळायचं नाही. तू सोमवारी रजा टाक."