चक्रव्यूह कोणाच्या जमिनीवर?

जमिनीवर आखलेल्या ज्या चक्रव्यूहांविषयी मी लिहिते आहे, त्यांत कोणी हरवत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. कारण आपल्याकडे चक्रव्यूह म्हटले की अभिमन्यू आठवतो आणि बाहेर पडण्याची विद्या अर्धवट राहिल्यामुळे त्याला आलेले मरण आठवते. या आकृतीत, इंग्रजीत जिला लॅबिरिंथ म्हणतात तिच्यात, वाट एकच असते. ती कुठेही फुटत नाही, कुठेही बंद होत नाही, वळत वळत मध्यापर्यंत जाते आणि आल्या वाटेनेच परत आणते. उंच कुंपणांच्या भुलभुलैयात पावलोपावली डावे की उजवे हे ठरवावे लागते. इथे आत पाऊल टाकायचे की नाही, एवढाच निर्णय आपला असतो. तरीही मी तिला चक्रव्यूहच म्हणते, कारण हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरातल्या १२ व्या शतकातील शिल्पकारांनी अभिमन्यूचा व्यूह याच कुळातल्या आकृतीने दाखवला आहे, आणि गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या खडकावर जी प्राचीन चित्रे कोरलेली आहेत त्यांतही ही वळणावळणांची आकृती आहे.

सॅन फ्रान्सिस्को आणि खाडीपलीकडचे ओकलंड या परिसरात असे चक्रव्यूह सार्वजनिक जागांवर ठिकठिकाणी सापडतात आणि ते शोधत फिरणे हा माझा काही वर्षांचा छंद आहे. या भटकंतीतून माझे एक मत तयार झाले आहे. चक्रव्यूहाविषयी लिहिणारे बहुतेक लोक त्याच्या मध्यात काय गवसते याविषयी लिहितात. मला मात्र तो कोणाच्या जमिनीवर आहे आणि सकाळी त्याच्यावर झाडू कोण फिरवतो, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटतात. आकृती तीच असते. तिचे आयुष्य जमीन ठरवते.

सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोतल्या नॉब हिल या टेकडीवरच्या ग्रेस कॅथीड्रलपासून करावी लागते, कारण अमेरिकेतल्या आजच्या चक्रव्यूहांच्या लाटेचा मोठा भाग इथूनच उठला. या चर्चच्या धर्मोपदेशिका लॉरेन आर्ट्रेस १९९१ मध्ये फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या कॅथीड्रलमध्ये गेल्या. तिथे १३ व्या शतकाच्या आरंभी फरशीत बसवलेला, सुमारे तेरा मीटर व्यासाचा आणि अकरा फेऱ्यांचा, म्हणजे एकात एक अकरा वलयांचा, चक्रव्यूह आहे. त्याची मध्यापर्यंतची वाट अडीचशे मीटरांहून अधिक भरते. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रेस कॅथीड्रलमध्ये त्या आकृतीची कॅनव्हासवर रंगवलेली प्रत अंथरली गेली. पुढे १९९५ मध्ये बाहेरच्या अंगणात टेराझोचा, म्हणजे दगडाचे तुकडे घालून घासलेल्या फरशीचा, कायमचा चक्रव्यूह झाला आणि आत कॅनव्हासनंतर आलेल्या गालिच्याच्या जागी २००७ मध्ये दगडी फरशीतला चक्रव्यूह आला.

शार्त्रच्या या रचनेत एक खोडी आहे आणि ती नकाशा पाहून कळत नाही, चालूनच कळते. आत शिरल्यावर थोड्याच पावलांत वाट तुम्हाला मध्याच्या अगदी जवळ, सर्वांत आतल्या फेरीत आणून सोडते, आणि आता पोहोचलोच असे वाटत असताना तिथून बाहेर ढकलू लागते. उलट प्रवास संपत आलेला असतो तेव्हा तुम्ही सर्वांत बाहेरच्या कडेला, मध्यापासून सर्वांत दूर असता, आणि तिथून दोन-तीन वळणांत एकदम आत येता. आपण किती चाललो आणि किती उरले याचा अंदाज इथे हमखास चुकतो. मन शांत होते, चिंता विरघळते वगैरे जे दावे केले जातात त्यांविषयी मी मौन पाळते. पण दिशेचा आणि अंतराचा हिशोब सोडून द्यावा लागतो, हा अनुभव मात्र प्रत्येकाला येतो.

चर्चच्या जमिनीवर चक्रव्यूह सुरक्षित असतो असे कोणाला वाटेल, तर त्याने फ्रान्समधल्याच रॅंस या शहराचा इतिहास पाहावा. तिथल्या कॅथीड्रलमधला मध्ययुगीन चक्रव्यूह १८ व्या शतकात काढून टाकण्यात आला, आणि त्याचे कारण असे सांगतात की प्रार्थना चालू असताना मुले त्यावर खेळत आणि गोंगाट करीत. आज त्याच चक्रव्यूहाची आकृती फ्रान्समधल्या संरक्षित ऐतिहासिक वास्तूंचे अधिकृत बोधचिन्ह आहे. जे उखडले तेच वारसा-संरक्षणाची खूण झाले, यावर फ्रेंच लोक काय म्हणतात हे मला कधीतरी ऐकायचे आहे.

शहराच्या मालकीच्या जागेचा नमुना म्हणजे ड्युबोस पार्क. स्कॉट स्ट्रीटच्या बाजूला, हार्वी मिल्क सेंटरजवळ, पार्काच्या कोपऱ्यात फरसबंद चक्रव्यूह आहे. शेजारच्या हिरवळीवर कुत्री चेंडूमागे धावत असतात, रस्त्यावरून ट्राम जाते, आणि या सगळ्यात कोणीतरी हातात कॉफी घेऊन फेऱ्या घालत असते. महापालिकेच्या उद्यानात अशी गोष्ट व्हायची तर आधी वस्तीतल्या लोकांना एकत्र यावे लागते, सभा घ्याव्या लागतात, पैसे उभे करावे लागतात, आणि चक्रव्यूह कोणत्याही एका धर्माचा नाही हे पटवून द्यावे लागते. हे काम कंटाळवाणे असते, पण त्यातून झालेला चक्रव्यूह टिकतो, कारण तो मोडला तर तक्रार कोणाकडे करायची हे ठरलेले असते.

याच्या अगदी उलट टोकाला लॅण्ड्स एंड आहे. शहराच्या वायव्य टोकाला, ईगल्स पॉइंटच्या कड्यावर, एदुआर्दो आगिलेरा या कलाकाराने २००४ मध्ये सुटे दगड मांडून चक्रव्यूह केला. जमीन राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यातली. हे काम त्याला कोणी दिलेले नव्हते. खाली प्रशांत महासागर आणि उजव्या हाताला गोल्डन गेट पूल, यांमुळे ही जागा छायाचित्रांतून जगभर पोहोचली. आणि मग चक्रव्यूह मोडू लागला. कोणीतरी रात्रीतून दगड कड्यावरून खाली फेकून दिले. आगिलेराने आणि स्वयंसेवकांनी ते पुन्हा मांडले. पुन्हा कोणीतरी उधळले. असे अनेकदा घडले. तिथे जाणाऱ्याने आकृती सापडेलच असे धरून चालू नये. मला मोडणाऱ्यांचा राग येतो, पण एक गोष्ट मान्य करावी लागते: सुट्या दगडांची आकृती मांडणे जितके सोपे तितकेच ती उधळणे सोपे, आणि जी गोष्ट कोणाचीच नाही तिची काळजी घेणारे लोक दर वेळी नव्याने जमवावे लागतात.

खाडीपलीकडे ओकलंडच्या टेकड्यांवर सिब्ली हे जुन्या ज्वालामुखीचे राखीव क्षेत्र आहे. पूर्वी तिथे दगडाच्या खाणी होत्या. त्यांतल्या एका खाणीच्या तळाशी १९९० च्या सुमारास हेलेना मॅझरिएलो या शिल्पकर्तीने दगडांचा चक्रव्यूह मांडला. वरच्या पायवाटेवरून तो प्रथम दिसतो तेव्हा सबंध आकृती एका नजरेत येते, आणि सपाटीवरच्या कोणत्याही चक्रव्यूहाला हा फायदा नाही. मध्यात लोक शंख, नाणी, पिसे, चिठ्ठ्या ठेवून जातात. हाही सुट्या दगडांचाच, पण लॅण्ड्स एंडच्या वाट्याला आलेले भोग याच्या वाट्याला तितके आले नाहीत. मला वाटते, इथपर्यंत येण्यासाठी टेकडी चढावी लागते आणि मोडायला येणाऱ्यांना तेवढा उत्साह नसतो.

शोधण्याइतकेच आखणेही मला आवडते, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान शाळकरी मुलालाही झेपते. सात फेऱ्यांची प्राचीन आकृती अशी काढतात. आधी अधिकाचे चिन्ह काढावे. त्याच्या चार कोनाड्यांत एकेक काटकोन काढावा, ज्याचा कोपरा अधिकाच्या मध्याकडे असेल. मग बाहेरच्या चार कोपऱ्यांना चार ठिपके द्यावेत. आता मोजली तर सोळा टोके होतात. अधिकाचे वरचे टोक उजवीकडच्या शेजारच्या टोकाला कमानीने जोडावे. मग त्याच्या डावीकडचे टोक पहिल्या कमानीवरून नेऊन उजवीकडच्या पुढच्या टोकाला जोडावे. आणि असेच दोन्ही बाजूंनी खाली सरकत आठ कमानी पूर्ण कराव्यात. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला ही रीत लगेच बसते. आमच्या भागातल्या रविवारच्या मराठी शाळेत आम्ही परवानगी घेऊन डांबरी मैदानावर हा चक्रव्यूह आखतो. भारतात शाळेच्या मैदानावर खो-खोच्या रेषा मारायला फक्की असते. इथे आम्ही जाड खडू झाडूच्या दांड्याला बांधतो, म्हणजे वाकावे लागत नाही, आणि कमानी बिघडू नयेत म्हणून गाठी मारलेली दोरी वापरतो.

माप आधी ठरवावे लागते, कारण ते नंतर सुधारत नाही. वाटेची रुंदी अर्धा मीटर ठेवली तर सात फेऱ्यांची आकृती साधारण आठ मीटर रुंद होते आणि मध्यापर्यंतची वाट ऐंशी-नव्वद मीटर भरते. ही रुंदी एका माणसाला पुरते. चाकांच्या खुर्चीसाठी मात्र वाट किमान एक मीटर हवी, म्हणजे आकृती सोळा मीटरची होते आणि जागा चौपट लागते. सार्वजनिक जागेवर आखायचे असेल तर माझे म्हणणे असे की इतकी जागा मिळत नसेल तेव्हा फेऱ्या कमी कराव्यात, रुंदी कमी करू नये. तीन फेऱ्यांचा चक्रव्यूहही चक्रव्यूहच असतो.

फेऱ्यांचा क्रमही मजेशीर आहे. बाहेरून मोजले तर वाट आधी तिसऱ्या फेरीत शिरते, मग दुसऱ्या, पहिल्या, चौथ्या, सातव्या, सहाव्या आणि पाचव्या फेरीतून मध्यात जाते. सातव्या फेरीत असताना मध्य एका रेषेपलीकडे असतो आणि तेव्हाच आमच्या शाळेतली मोठी माणसे रेषा ओलांडून जातात. मुले सहसा ओलांडत नाहीत. ती धावतात, पण वाटेवरूनच. एकच वाट असल्यामुळे आत जाणारे आणि बाहेर येणारे समोरासमोर येतात, आणि तेव्हा कोणी बाजूला व्हायचे याचा लेखी नियम नाही. मोठी माणसे अवघडून हसतात, मुले एकमेकांना अडवून उभी राहतात. शहरात अनोळखी माणसाला इतक्या जवळून, इतक्या सावकाश वाट करून देण्याचा प्रसंग दुसरीकडे क्वचितच येतो, म्हणूनही मला हे चक्रव्यूह खाजगी बागांपेक्षा सार्वजनिक जागांवर पाहिजेत असे वाटते.

शहरातले चक्रव्यूह नेहमी पायाखालीच असतात असे नाही. लंडनला जाणाऱ्यांनी भुयारी रेल्वेच्या स्थानकांत भिंतीकडे लक्ष द्यावे. रेल्वेला १५० वर्षे झाली तेव्हा, २०१३ मध्ये, मार्क वॉलिंजर या कलाकाराने तेव्हाच्या २७० स्थानकांसाठी २७० निरनिराळे चक्रव्यूह केले. काळ्या-पांढऱ्या पाट्या आहेत, आत शिरण्याच्या जागी लाल फुली आहे, आणि वाट बोटाने चालायची आहे. गाडीची वाट पाहणाऱ्याजवळ तेवढा वेळ असतोच.

आपल्या शहरातला चक्रव्यूह शोधायचा असेल तर वर्ल्ड लॅबिरिंथ लोकेटर ही जगभरच्या चक्रव्यूहांची सूची उपयोगी पडते. त्यात गावाचे नाव घातले की जागा, आकृतीचा प्रकार आणि ती सर्वांना खुली आहे की नाही हे कळते. नोंदी लोकांनीच केलेल्या असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी नोंद कधीची आहे हे पाहावे. दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी जागतिक लॅबिरिंथ दिन असतो आणि त्या दिवशी आपापल्या स्थानिक वेळेनुसार दुपारी एक वाजता चालायला सुरुवात करायची अशी पद्धत आहे. सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा येणाऱ्यांना मी ग्रेस कॅथीड्रलचे अंगण सुचवते, कारण आतला चक्रव्यूह चर्च उघडे असतानाच पाहता येतो, बाहेरच्याला तेवढी वेळेची अट नाही. नॉब हिलचा चढ दमवणारा आहे. तो नको असेल त्यांनी कॅलिफोर्निया स्ट्रीटची केबल कार घ्यावी आणि टेलर स्ट्रीटच्या चौकात उतरावे.