टेबलावर 510 लक्स, आणि तरी अंधार

वाचनालयाच्या प्रकाशयोजनेचं काम माझ्याकडे होतं. त्या संध्याकाळी मी तिथं गेले ती सही घ्यायला. शेवटची मोजणी आणि हस्तांतराचा कागद, एवढंच काम उरलं होतं. बाहेरचा उजेड पूर्ण जाईपर्यंत थांबलो. दिवे अर्धा तास पेटते ठेवले, कारण एलईडी तापला की त्याचा उजेड थोडा उतरतो आणि थंड दिव्याखाली घेतलेला आकडा फसवा असतो. लक्स मीटर म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो ते लक्स या एककात मोजणारं यंत्र. त्याची उजेड टिपणारी पांढरी टोपी टेबलावर ठेवून मी मागे सरकले. अंगात काळा शर्ट होता. मोजणीला जाताना मी फिकट कपडे घालत नाही. कपड्यांवरून उडालेला उजेडही मीटरमध्ये जातो.

498, 510, 522, 505. ईएन 12464-1 या युरोपीय मानकात वाचनाच्या जागेला 500 लक्स सांगितले आहेत, आमच्या करारातही तेच होते. मी कागद पुढे केला.

ग्रंथपाल सर दारातच उभे होते. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं त्यांच्या. म्हणाले, "मॅडम, रागावू नका, पण मला इथं अंधार वाटतोय."

पहिला विचार त्यांच्या वयाचा आला. साठीच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. नेत्रभिंग पिवळं पडतं, बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही. हे मी त्यांना समजावून सांगायला लागले. तेवढ्यात परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा दप्तर आवरता आवरता म्हणाला, "सर म्हणतात ते खरंय. वाचायला दिसतं, पण मान वर केली की विहिरीत बसल्यासारखं वाटतं."

विहीर. तो शब्द मला लागला. मी त्याच्या खुर्चीत बसून मान वर केली. टेबल लख्ख होतं आणि त्यापलीकडे चारही बाजूंना काळोख. छतापासून जमिनीपर्यंत गडद लाकडी पॅनेलं आणि कपाटं, त्यांतल्या पुस्तकांची नावंसुद्धा वाचता येत नव्हती.

आराखड्यात त्या भिंती फिक्या होत्या. लाकूड नंतर ठरलं. मला ते कळलं होतं, नमुन्याचा तुकडाही माझ्या टेबलावर आला होता. पण गणिताच्या मॉडेलमध्ये परावर्तनाचे नेहमीचे आकडे, छत 70, भिंत 50, जमीन 20 टक्के, मी तसेच राहू दिले होते. आता मीटर भिंतीला टेकवून त्यावर पडणारा उजेड मोजला: 64. मग मीटर उलटा फिरवला, तोंड भिंतीकडे केलं आणि आकडा स्थिरावेपर्यंत हळूहळू मागे आणला: 8. म्हणजे भिंत परत देत होती साडेबारा टक्के. मी धरले होते पन्नास.

पण मग टेबलावरचे आकडे बरोबर कसे आले? दिवे अरुंद झोताचे होते, 24 अंशांचे. त्यांचा उजेड सरळ टेबलावरच उतरत होता. टेबलाच्या आकड्यात भिंतीचा वाटा इतका थोडा होता की भिंत चुकली तरी बेरीज हलत नव्हती. आणि फॉल्स कलरचं चित्र, म्हणजे कुठे किती उजेड पडेल ते रंगांनी दाखवणारा नकाशा, मी पाहिलं होतं तेही फक्त टेबलाच्या पातळीचं. मीटर मोजतो ते पृष्ठभागावर पडणारं. डोळ्याला दिसतं ते पृष्ठभागाकडून परत येणारं, आणि बसलेल्या माणसाच्या नजरेत टेबलापेक्षा भिंतच जास्त असते. अमेरिकी प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली यांनी 1952 मध्ये उजेडाचे तीन प्रकार मांडले होते: भोवतालचा पसरलेला, एका जागी नजर नेणारा आणि चमकणारा. मी दुसऱ्यावरच सगळी खोली उभी केली होती.

सही बाजूला ठेवली. इलेक्ट्रिशियनला विचारलं, "शिडी अजून आहे ना?"

कडेच्या रांगेतले दिवे फिरणारे होते, हे नशीब. एका भिंतीकडचे सहा निवडले. तो वर चढला, मी कपाटाजवळ उभी राहिले. "बाहेर घ्या. अजून. बस, आता स्क्रू आवळा." उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांच्या आत ठेवत गेलो, त्यापुढे दिवा तिरपा केला की समोर बसणाऱ्याच्या डोळ्यात जातो. पण प्रत्येक झोताची कपाटावर वेगळी कमान उमटली, मधे काळे पट्टे. पिशवीत झोत आडवा पसरवणाऱ्या काही लेन्स होत्या. त्या बसवल्यावर कमानी एकमेकींत मिसळल्या. त्या क्षणी पुस्तकांचे कणे दिसायला लागले: तांबडे, हिरवे, सोनेरी अक्षरांचे. लाकडालासुद्धा रंग होता, तो मला तेव्हा कळला.

ग्रंथपाल सर खोलीच्या मध्यावर येऊन थांबले. "किती वाढवलात?"

मी कडेच्या टेबलावर मीटर ठेवला. 370. उजेड वाढला नव्हता, टेबलावरचा तर जवळजवळ दीडशेनं घटला होता. मी तो आकडा त्यांना दाखवला. त्यांनी मीटरकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. "मग मघाशी काय होतं?" मला लगेच उत्तर देता आलं नाही.

काम तिथं संपलं नाही. 370 मध्ये बारीक टाइप वाचायला लावणं बरोबर नाही, शिवाय करार आहे. टेबलांवर वाचकाला स्वतः लावता-मालवता येतील असे छोटे दिवे द्यायचे ठरवलं. कमी पडणारा उजेड कागदावर, वाचकाच्या हाताशी. कपाटांच्या मधल्या फळ्यांवर 210 आले, मानकातल्या 200 च्या वर. सगळ्यांत खालच्या फळीवर मात्र कितीही खटपट केली तरी 90 च्या पुढे आकडा गेला नाही. वरच्या फळ्यांची सावली तिच्यावर पडते आणि दिवाही तिथून सगळ्यांत लांब. तिच्यासाठी कपाटातच दिव्यांची पट्टी लागेल. बाकीच्या तीन भिंतींच्या लेन्स मागवायच्या होत्या.

रात्री साडेअकराला सर म्हणाले, "आणा तो कागद, करतो सही." मी कागद परत घेतला. त्यावर टेबलाचा एकच रकाना होता. शेजारी रेघ मारून दुसरा आखला, वर लिहिलं "भिंत व कपाटं, उभ्या पृष्ठावर", खाली 210 आणि 90 मांडले, आणि सहीची जागा कोरी सोडली.